पालथा माणूस

आमची आत्या सत्तावीस वर्षं एकाच खोलीत लोकांची डोकी स्कॅन करत आली. नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या, म्हणजे सायनस, हा तिचा हातखंडा. स्वभाव असा, की कुलूप तीनदा ओढून बघणार आणि जिन्यावरून चौथ्यांदा परत येणार. आम्ही तिची यथेच्छ टर उडवायचो.

त्या सकाळी माझा खांदा आखडला होता. पलंगावर पालथा पडून मी म्हणालो, "आत्या, डावा चोळ गं." तिने उजवा धरला.

"अगं, डावा!"

तिचा हात तिथेच थांबला. "काल एक ड्रायव्हर स्कॅनला आला होता, त्याला मी पालथा झोपवला होता," ती पुटपुटली. पालथं झोपल्यावर सायनसमधला द्राव कुठे सरकतो, यावर तिच्या हॉस्पिटलात संशोधन चालू होतं. "आणि मशीनला सांगितलं उताणा. सवयीनं! मेले मी."

"मग काय झालं?"

"अरे, स्कॅनमध्ये त्याचं डावं उजवं झालंय. डाव्या डोळ्याकडची हाडाची भिंत झिजून गेलीय त्याची. डॉक्टरीणबाई जपतील उजवीकडे आणि डावीकडे बिनधास्त अवजार घालतील. डोळा जाईल रे त्याचा! साडेनऊला त्याच्या सायनसचं नाकातून ऑपरेशन आहे."

नऊ वाजून गेले होते. थिएटरचा फोन कोणी उचलेना. मी स्कूटर काढली. मागे बसून तिने नेमका माझा दुखरा खांदाच आवळून धरला, पण ओरडायची सोय नव्हती. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि आजवर तिच्या नावावर एकही चूक नव्हती. मला तिची फार काळजी वाटत होती.

पुढचं तिनेच नंतर सांगितलं. ड्रायव्हरला भूल दिलेली होती. ती दारातूनच म्हणाली, "बाई, थांबा. बाजू उलटी लागलीय. चूक माझी आहे."

बाईंनी दुर्बीण डाव्या नाकपुडीत घातली आणि मिटलेला डावा डोळा बोटाने हलकेच दाबला. पडद्यावर नाकाच्या आतलं काहीतरी मऊ हललं. स्कॅनप्रमाणे तिथे न हलणारं धडधाकट हाड असायला हवं होतं. बाईंनी दुर्बीण बाहेर काढली आणि नवा स्कॅन मागवला.

संध्याकाळी, ऑपरेशन झाल्यावर, ड्रायव्हर दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघत होता. आत्या आपली चूक सहीनिशी लिहून देऊन घरी आली. मी पुन्हा पालथा पडलो.

"आधी डावा हात वर कर," ती म्हणाली.

एरवी मी खो खो हसलो असतो. मी गुपचूप हात वर केला. तिची बोटं डाव्या खांद्यावर आली, आणि मग ती रडायला लागली.