कुशीवर वळवा

हळर्णहून, आमच्या गोव्यातल्या मूळ घरून, फोन आला तेव्हा मी जेवत होतो. महत्त्वाच्या बातम्या मला जेवतानाच गाठतात, कारण मी इतर काही करत असण्याची वेळ फार थोडी. "सुलुताय गेली," धाकटा चुलतभाऊ म्हणाला. "झटको इलो..."

सुलुताय माझी चुलत बहीण. डिचोलीला राहायची आणि एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत अपस्मारावरची औषधं उंदरांवर तपासायची. तिला स्वतःलाही लहानपणापासून झटके यायचे. थोड्या वेळात आपोआप थांबायचे, मग ती उठून चहा मागायची. घरातला गोष्टी सांगणारा मी, त्यामुळे तिच्या उंदरांवर प्रत्येक लग्नात हशा मिळवायचो. "काय गो, तुझे उंदीर बरे आसत मां?" "बरे आसत. तुझ्यापरास कमी खातत."

एकदा मात्र तिने नीट समजावलं. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोलीच्या रस्त्यावर एकामागून एक ट्रक सुटायचे, तशा झटक्यात मेंदूतल्या पेशी एकमेकींना पेटवत सुटतात. निरोप आत घेणारी त्यांची दारं, म्हणजे रिसेप्टर, औषधाने आधीच अडवली तर झटका पसरत नाही. ते पाहायला उंदराला औषध देऊन मग मुद्दाम झटका आणायचा, आणि शेवटी त्याला मारून मेंदू तपासायचा... त्या दिवशी ती घरी येऊन जेवायची नाही.

चवथीला हळर्णच्या घरी सगळे जमलो की आरतीनंतर ती पुढच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, मांदरीची चटई पसरायची, मला आडवं करायची आणि झटका आलेल्या माणसाला कसं सांभाळायचं ते पोरांना शिकवायची. "ह्याका कुशीर वळवा. ह्यो वळलो तर कोणय वळतलो." पोरं ढकलून घामाघूम, मी घोरण्याचं सोंग करत पडलेला. "आणि तोंडात काय घालू नकात. पाणी तर नकाच." आरामखुर्चीतले थोरले काका हसायचे.

गेल्या महिन्यात त्याच बल्कांवात तिला झटका आला, आणि त्याच काकांनी तिला उताणी धरून तोंडात तांब्या रिकामा केला. पोरं ओरडत होती, "कुशीर घाला!" त्यांना मागे लोटलं. पाणी फुप्फुसांत गेलं, डॉक्टर म्हणाले. बाराव्याला काका पाहुण्यांना सांगत होते, "फेफऱ्यान गेली. तिचा नशीब."

नशीब? झटक्यातल्या उंदराच्या तोंडातसुद्धा कोणी पाणी ओतत नाही, काका! झटक्याने कोणी मरू नये म्हणून तिने इतके जीव घेतले, आणि प्रत्येकासाठी उपाशी राहिली; झटक्यात काय करायचं ते आपल्या घरात पोरांना पाठ होतं. तुम्हांला ऐकायचं नव्हतं, कारण सांगणारी घरची मुलगी होती.

बाराव्याची पानं वाढली होती. मी खुंटीवरची मांदरी काढली, आरामखुर्चीतल्या काकांच्या पायांशी पसरली आणि आडवा झालो. "वळवा."

"उठ रे. जेवण निवता," काका म्हणाले.

"वळवा, काका."

पोरं पुढे आली. "तुम्ही नाही," मी म्हटलं. "तुम्हांला येतं."

काका उठले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी वाढलेलं पान सोडून निघालो. मांदरी मात्र गुंडाळली नाही... त्यांच्या खुर्चीपुढे अजून तशीच पसरलेली आहे म्हणतात. तिला हात लावायचं धाडस घरात कोणाला होत नाही.