कसनुसं

मुलांनो, गेल्या वर्षी मला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा माझ्या छातीत दुखलंच नव्हतं. जबडा भरून आला, घाम सुटला आणि कसनुसं झालं, एवढंच. मी पित्त समजले होते. शिरूरच्या माझ्या डॉक्टरनं मात्र नीट ऐकून घेतलं आणि लगेच ईसीजी काढला. म्हणून आज तुम्हाला लिहिते आहे.

ती माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी; मी तिला इंग्रजी शिकवायचे. अजून मला बाई म्हणते. दौंडला नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जाते. माझी परवानगी घेऊन तिनं माझ्या दुखण्यावर एक इंग्रजी धडा तयार केला आणि मला तपासायला आणून दिला.

मी लाल पेन घेऊन बसले, पण एक स्वल्पविरामही हलवावा लागेना.

"इतकं निर्दोष इंग्रजी? म्हणजे तू लिहिलेलं नाहीस."

ती हसली. "अजून मार्क कापताय का, बाई? माझ्या मराठी टिपणावरून एआयकडून लिहून घेतलंय. तुमचं नाव-गाव नाही दिलं त्याला."

मग वाचता वाचता एक ओळ आली: छातीत तीव्र कळा, डाव्या हातात उतरणाऱ्या.

"अगं, ही बाई कोण? मी नव्हे."

तिनं टिपण उघडलं. तिथं माझाच शब्द होता, 'कसनुसं'. यंत्राला तो उमगला नसावा; पुस्तकात नेहमी असतो तो झटका त्यानं मला देऊन टाकला होता.

तिचा चेहरा उतरला. "बाई, मुली छातीतल्या कळेची वाट बघत बसल्या असत्या."

चूक तिनं झाकली नाही, याचं मला फार बरं वाटलं. 'कसनुसं'ला इंग्रजी शब्द आम्हा दोघींनाही सापडेना, तेव्हा तो देवनागरीतच ठेवला. बाकीचं प्रत्येक वाक्य तिनं केसपेपरशी ताडून पाहिलं. तळाशी लिहिलं: भाषेसाठी एआयची मदत घेतली, मजकूर डॉक्टर व रुग्ण यांनी तपासला.

तासाला तिनं मलाही दौंडला नेलं. राहू गावची एक मुलगी उठली.

"मॅडम, आमची आज्जी बी म्हंती, कसनुसं व्हतंय. आम्ही सोडा पाजतो."

"पित्त असेलही. पण आधी ईसीजी," डॉक्टर म्हणाली.

तास सुटला. व्हरांड्यात ती मुलगी फोनवर सांगत होती, "सोडा नगं आज्जीला. आधी दवाखान्यात न्या."