शेळी आटेल म्हणून

मोशीच्या माळावरची ठकुबाई टकले धनगरवाड्याची सुईण होती, बायकांची तशी शेळ्यांचीही. अडलेलं करडू ती उघड्या हातांनी ओढून काढायची. हट्टी बाई, कुणाचं ऐकेल तर शपथ!

त्रेपन्न साली वाड्यावाड्यांवर शेळ्या गाभडू लागल्या, दिवस भरायच्या आत मेलेली करडं टाकू लागल्या. माणसांनाही संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे घामानं उतरायचा. ठकुबाईचेही सांधे धरले होते.

पुण्याहून जनावरांचा डॉक्टर आला. म्हणाला, "हा रोग शेळ्यांतूनच माणसांत येतोय. दूध उकळून प्या."

ठकुबाई उसळली. "दूध चुलीवर चढवलं की शेळी आटती! आमी काय आज शेळ्या राखतोय व्हय?"

तिची सून हिराई पोटुशी होती. तिच्या अंगी लागावं म्हणून ठकुबाई रोज नुकतं पिळलेलं फेसाळ दूध तिच्या ओठाला लावायची. नको म्हटलं तर रागवायची.

माघात हिराईचं पोट पडलं. मेलेली करडं जिथं पुरली होती, तिथंच ठकुबाईनं नातवाला पुरलं.

घरी येऊन तिनं आयुष्यात पहिल्यांदा दूध उकळलं.

दुसऱ्या सकाळी शेळीनं नेहमीएवढंच दूध दिलं. भरलेल्या तांब्याकडं बघत हिराई एवढंच म्हणाली, "आत्याबाई, शेळी आटली न्हाई."