पाल नव्हे, हार्ड डिस्क

मंडळी, आज सकाळी आमच्या घरातली एक अंधश्रद्धा अगदी शास्त्रोक्त पद्धतीने मोडीत निघाली.

गेले काही दिवस माझ्या टेबलामागून चुकचुक ऐकू येत होती. मी काही बोललो की आवाज यायचाच. इथे कासार आंबोलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या हौसाकाकू तर म्हणाल्या, "गुरुजी, तुमी लई खरं बोलताय. पालबी व्हय म्हनतीया." मला ते अर्थातच पटलं.

आज बायकोने विचारलं, "कॉम्प्युटर बंद असताना ही पाल कधीच कशी बोलत नाही?" तिने कॉम्प्युटर बंद केला. पाल गप्प. चालू केला, की पुन्हा चुकचुक!

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन लावला. आवाज ऐकताच तो ओरडला, "मामा, हार्ड डिस्क चाललीय! दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, आधी महत्त्वाचं कॉपी करा."

महत्त्वाचं म्हणजे वडिलांचा आवाज. जाण्याआधी त्यांनी मला स्तोत्रांची पुन्हा संथा दिली होती. ते रेकॉर्डिंग फक्त तिथेच होतं. पेन ड्राइव्ह लावला. कॉपी निम्म्यावर अडकली, तेव्हा मला एकही स्तोत्र आठवेना. शेवटी दुपारी काम पूर्ण झालं.

लगेच लावून ऐकलं. वडील म्हणत होते, "लक्ष कुठे आहे तुझं? पुन्हा म्हण."

रागावून घेताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पिढ्यान्‌पिढ्या पाठांतर करणाऱ्या घरात एकही बॅकअप नव्हता, याची कृपया नोंद घ्यावी. तुमच्याकडे असा एखादा आवाज असेल, तर त्याच्या प्रती किती आहेत?