मुराळ्याची गाडी

आमच्याकडे अजून मुराळी जातो. लग्न झालेल्या मुलीला माहेरी आणायला घरातल्या पुरुषानं, शक्यतो भावानं, स्वतः जायचं. ती आपली आपण बसमध्ये बसून येत नाही. महाराष्ट्रातले पाहुणे हे ऐकून हसतात. हसू देत. माळव्यात आमचे वाडवडील जे घेऊन आले ते आम्ही जपून ठेवलंय. आमची पोरं मराठी वाचताना अडखळतात, भांडतात तर चक्क हिंदीत, पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला अक्काला आणायला देवासहून धारला मुराळी जातो म्हणजे जातोच. तो मुराळी मी.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यापासून आमच्या घरची चैत्रगौर तीच मांडते. पूर्वी मी तिला आणायला बसनं जायचो. इंदूरला बस बदलायची, घामाघूम होऊन धारला पोचायचं, आणि तिच्या सासूबाई दारातच विचारायच्या, ‘आज पण बसनंच का?’ एवढंच. पण त्या ‘पण’वर अक्काची मान खाली जायची. मला ते दिसायचं आणि माझं डोकं फिरायचं.

म्हणून गाडी घेतली तेव्हा ती मोठीच घेतली. कुणीतरी वापरलेली, पण जर्मन. नवी घ्यायची ऐपत नव्हती आणि साधी घ्यायची माझी तयारी नव्हती. तिला रनफ्लॅट टायर होते. म्हणजे टायरच्या बाजूचं रबर इतकं जाड आणि ताठ की पंक्चर झालं तरी टायर बसत नाही. गाडी हळूहळू पुढच्या गावापर्यंत तशीच नेता येते. त्यामुळे डिकीत स्टेपनीच नसते. ही माहिती मी ऐकवली नाही असा माणूस देवासात शोधून सापडायचा नाही. दूधवाल्यालाही सांगितली. तो म्हणाला, ‘वो तो ठीक है भिया, बैठने में कैसी है?’ मी म्हटलं, तू दूध घाल.

बसायला ती बैलगाडी होती. ताठ टायर खड्डा पचवत नाही, सरळ बसणाऱ्याच्या कमरेत पोचवतो. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘अहो, हाडं खिळखिळी झाली.’ मी म्हटलं, तुला रिक्षाची सवय. मला स्वतःला ते हादरे जाणवत नव्हते असं नाही. पण स्टिअरिंग हातात असलं की माणसाला आपलं सगळं गोड लागतं. अक्काला आणताना घाटाबिल्लोद, बेटमा, इंदूरचा बायपास, सबंध रस्ताभर मी विचारत राहायचो, ‘कशी आहे गाडी?’ ती दर वेळी म्हणायची, ‘छान आहे रे.’

मग तिनं यायचं बंद केलं. एका चैत्रात सुनेची परीक्षा निघाली, पुढच्या चैत्रात सासूबाईंचं पथ्य. आमची गौर बायकोनं जमेल तशी मांडली. मला राग आला, आणि माझा राग म्हणजे तोंडाचा पट्टा. फोनवर मी अक्काला म्हणालो, ‘तू आता धारचीच झालीस. राहा तिकडंच. आम्ही काय, जिवंत आहोत तोवर आहोत.’ ती म्हणाली, ‘जेवलास का?’

यंदा चैत्र लागला तसा तिच्या सुनेचा फोन आला. पोरगी हिंदी घरातली, सरळ बोलणारी. ‘मामाजी, बुरा मत मानना. आईंच्या मणक्यात गॅप है. आपकी गाड़ी से आने-जाने के बाद कितने दिन बिस्तर से उठ नहीं पातीं. डॉक्टर ने झटके मना किए हैं. पर बोलती हैं, भाऊचं मन दुखेल.’ मग आवाज बारीक करून तिनं उरलेलं सांगितलं. अक्का सासूबाईंना सांगायची, भावाची गाडी इतकी मऊ की बसल्याबसल्या झोप लागते. कंबर धरून पडायची तेव्हा पित्ताचं नाव सांगायची. ‘दादी के सामने ये सब मत निकालना, मामाजी. आईंना फार लागेल.’

मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला यायचं होतं. मी बोललो ते सगळं तिनं कमरेसकट सोसलं होतं, आणि कशासाठी, तर सासरच्या दारात माझी गाडी मोठी दिसावी म्हणून. बायकोला सांगितलं तर ती फक्त एवढंच म्हणाली, ‘मी तुम्हाला सांगितलं होतं.’ सांगितलंच होतं तिनं.

दुसऱ्याच दिवशी टायरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं जुने टायर अंगठ्यानं दाबून पाहिले. ‘भिया, अभी तो बहुत चलेंगे. काहे को निकाल रहे हो?’ मी म्हटलं, निकालो. त्यानं साधे, नरम टायर चढवले आणि बजावलं की आता पंक्चर झालं तर गाडी जागेवर उभी राहणार, स्टेपनी ठेवावी लागेल. ती डिकीत टाकली तर निम्मी डिकी संपली. बायकोला घेऊन ए.बी. रोडवर चक्कर मारली. ज्या गतिरोधकावर बायको दर वेळी ‘आई गं’ म्हणायची तिथं ती खिडकीबाहेर बघत बसली होती. तीच गाडी, तोच रस्ता. इतकं सोपं होतं हे. गाडी घेतली त्याच आठवड्यात करता आलं असतं.

अक्काला फोन केला, म्हटलं, येतोय, बॅग भरून ठेव. ती म्हणाली, ‘अरे, पण यंदा सासूबाईंचं...’ मी म्हटलं, ‘टायर बदललेत. साधे बसवलेत.’ ती म्हणाली, ‘बरं, ये.’

धारला पोचलो तेव्हा सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. वय झालंय, पण नजर तीच. मी पन्हं प्यालो. अक्काची बॅग डिकीत ठेवायला गेलो, तर त्यांनी पाहिलं. ‘हे चाक कसलं आत? तुझ्या गाडीला लागत नाही ना म्हणे?’

एवढ्यावर थांबायचं होतं. ठेवलंय आपलं, असं म्हणून डिकी लावायची होती. पण मला गाडीबद्दल कुणी काही विचारलं की माझी जीभ माझी राहत नाही. त्यातून आपण बहिणीसाठी काहीतरी केलं याचा ताठा. मी म्हणून गेलो, ‘नाही काकू, टायरच बदलले. आधीचे फार कडक होते, अक्काची कंबर धरायची, डॉक्टरनं मना केलं होतं. म्हणून तर दोन वर्षं आली नाही बिचारी.’

सून दारात उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. अक्का पदराला हात पुसत होती. सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं, रागानं नाही. ‘माझ्याशी कशाला गं खोटं बोललीस?’ त्या म्हणाल्या. ‘मी सगळ्यांना सांगत होते, हिला भावाच्या गाडीत झोप लागते म्हणून.’ सासूबाईंनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली, तिनं वाकून नमस्कार केला. सगळं रीतीप्रमाणे झालं. फक्त दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

गाडी निघाली. घाटाबिल्लोद गेलं, बेटमा गेलं. टायर मऊ चालत होते, खड्डा आला तरी पोटातलं पाणी हलत नव्हतं. आणि मला विचारता येईना, ‘कशी आहे गाडी?’ तोंडापर्यंत यायचं आणि मी गिळायचो. माफी मागावी तर तीही बोलूनच मागायची, आणि बोलून तर घाण केली होती.

बायपासच्या पुढं अक्का आपणहून म्हणाली, ‘गाडी खरंच छान झालीय.’

‘कंबर?’

‘काही नाही. मजेत आहे.’ तिनं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी माझ्यापुढं धरली, मग स्वतः प्याली. आईच्या मागं जिनं सगळ्या रीती सांभाळल्या, माझ्या मुलांच्या मुंजीत कुणाला काय द्यायचं ते जिनं ठरवलं, ती माझी बहीण बाहेर बघत अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘आता मी दर वर्षी येईन. पण पुढच्या खेपेला मुराळी म्हणून तू येऊ नकोस. ड्रायव्हर कर आणि तुझ्या बायकोला पाठव.’

मी म्हटलं, ‘आपल्यात बाईला पाठवत नाहीत, अक्का.’

‘नाही पाठवत,’ ती म्हणाली. ‘मला ठाऊक आहे.’

मी बरं म्हटलं आणि गाडी चालवत राहिलो.