पोस्टमनविरुद्ध माझी तक्रार

नातवंडांनो, दिवाळीत गावी याल तेव्हा ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगणारच, म्हणून आधी माझ्याकडून ऐका.

आमचे पोस्टमन फाटकाशी येऊन खोकतात. पाकीट हातात देण्याआधी तळहातावर तोलतात आणि मोठ्यानं जाहीर करतात, “नातवाचं हाय, जड हाय!” आपलं टपाल गावाला कळू नये म्हणून मी फाटकावर पत्रपेटी बसवली. तरी ते पेटीत काही न टाकता खोकतच राहिले. शेवटी मी अहमदपूरच्या पोस्टमास्तरांना इंग्रजीत तक्रार लिहिली आणि टपालात टाकायला या पोस्टमनच्याच हाती दिली. पिनकोड राहिला होता, तो त्यांनी घातला.

पंधरा दिवसांनी तेच चौकशीचा कागद घेऊन आले. “बाई, सही करा. पेटीत टाकत न्हाई, हे खरं हाय.”

“पण का टाकत नाही?”

“उघडून बघा की.”

मी ऐटीत हात घातला. आत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. पोस्टमननी तंबाखूच्या डबीतला चुना माझ्या डसलेल्या बोटांना चोळला.

“आधी सांगायचं नाही का?”

“तुम्हीच म्हणल्या, जास्ती बोलू नका, पेटीत टाका.”

तक्रार त्याच दिवशी मागे घेतली नसती, तर त्यांच्यावर कारवाई झाली असती. माझ्या सुजलेल्या हातात तर पेन धरवेना. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मग त्यांनी शाईचं पॅड पुढे केलं. “लाजू नका बाई, लई जण देतेत.”

तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या तुमच्या आजीनं डावा अंगठा उमटवला.

त्यांची नोकरी शाबूत आहे.