लेझरचा डोळा, हाताचा डोळा

आम्हा नवराबायकोची एकेका डोळ्याची मोतीबिंदूची ऑपरेशनं एकाच महिन्यात झाली, आणि दोघांचेही डॉक्टर नवशिके होते. ह्यांनी लेझर मागितला. चाकणच्या कंपनीत जन्म गेलेला माणूस! "शिकाऊ पोराच्या हातात कानस दिली की घासलेला जॉब बाद, मशीनवर उभा केला की ओके," हे त्यांचं ठाम मत. मी म्हटलं, माझं हातानेच करा. जन्मभर हातावर थापलेली भाकरी खाल्लीय, मशीनचं कौतुक मला नको. मोठ्या डॉक्टरीणबाई समजावत होत्या की लेझर फक्त सुरुवातीच्या चिरा देतो, पुढचं सगळं हातानेच असतं. पण ऐकतंय कोण?

पट्ट्या निघाल्या आणि आमच्या अंगात वारंच संचारलं. पुढच्या तपासणीला निघालो, तर मोशीच्या स्टॉपवर ह्यांनी पैज लावली: येणाऱ्या बसची पाटी लांबून आधी कोण वाचतं. ऑपरेशनचा डोळा उघडा, दुसऱ्यावर तळहात, असे दोघं रस्त्याच्या कडेला उभे.

"भोसरी!" ते ओरडले.

"निगडी!" पुढच्या बसला मी ओरडले.

"अगं, भोसरी आधी मी म्हटलं!"

"अहो, तुम्ही अंदाजाने ठोकलंत!"

स्टॉपवरचे लोक आमच्यापासून जरा सरकून उभे राहिले.

मग तिसरी बस दिसली आणि दोघं एकाच दमात ओरडलो, "पिंपरी!" बरोबरी! ह्यांनी भर रस्त्यात मला टाळी दिली. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

दवाखाना पिंपरीतच होता. बस समोरून निघून गेली, आणि तिची मागची नंबर प्लेट आम्ही दोघांनीही अगदी बिनचूक वाचली.